पिस्कॅटवेची पितळी पाटी

१

नारळ होता, कापड होतं, फक्त पाटी नव्हती.

जेवणाआधी मी स्वतः ती पितळी पाटी शाळेच्या लायब्ररीतल्या टेबलावर आडवी ठेवली होती. टेबल लहान मुलांचं, म्हणजे माझ्या गुडघ्याशी येणारं. पाटी चांगलीच जड. ती घेऊन इतकं खाली वाकताना कमरेत भरलेली उसण अजून उतरली नव्हती, त्यामुळे पाटी तिथेच ठेवली होती याचा वेगळा पुरावा मला नको होता. वर हिरवं रेशमी कापड अंथरलं, कापडावर नारळ ठेवला आणि मसालेभात संपायच्या आत बुफेच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. परत आलो तर टेबलाच्या एका कडेला कापडाची चौकोनी घडी, घडीवर नारळ आणि बाकी टेबल रिकामं.

मी कुमार. 'अंगण' या शाळांचा खजिनदार. खजिनदार म्हणजे ज्याला सगळे वर्षभर टाळतात आणि वार्षिक सभेत शोधतात तो माणूस. न्यूजर्सीत आमच्या तीन प्राथमिक शाळा आहेत. पार्सिपनीला आईबाप दोघंही नोकरीत, तिथे फी वेळेवर येते. एडिसनची शाळा आपलं आपण भागवते. पिस्कॅटवेला मात्र युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्यांची मुलं. त्यांच्याकडे फी मागताना मागणाऱ्यालाच लाज वाटते. थोरल्याच्या पगारावर धाकट्याचं शिक्षण, असा आमचा कारभार गेली अनेक वर्षं चालला होता आणि चालला असताही. पण पिस्कॅटवेच्या इमारतीच्या मालकाने यंदा इमारत विकायला काढली. तुम्ही घ्या, नाहीतर खाली करा, असं त्याने कळवलं. आमच्याजवळ तेवढे पैसे नव्हते.

ते नकुल वडनेरेकडे होते. नकुल वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूचा. स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी उभी करून विकलेला माणूस. इमारत घेऊन देतो म्हणाला, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. शाळेला त्याच्या आईचं नाव. 'शरयू पुरुषोत्तम वडनेरे प्राथमिक शाळा' अशी पाटी त्याने पुण्याहून घडवून आणली होती. आज दुपारी तिचं अनावरण, त्यानंतर कागदांवर सही, आणि उद्या सकाळी त्याचं विमान. सोमवारी मालकाला उत्तर द्यायचं होतं.

मी हॉलमध्ये जाऊन नकुलला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "काका, ज्या शाळेत माझ्या आईचं नाव तासभर सुरक्षित राहत नाही, त्या शाळेवर ते मी कायमचं लावू?"

 मी सरळ वसुधाला बोलवायला गेलो.

२

वसुधा माझी बायको. जन्मभर हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. तिचे पेशंट तिच्याशी बोलत नसत, काचेवर येऊन पडत. त्यामुळे माणूस न बोलताही पुष्कळ सांगतो, यावर तिचा गाढ विश्वास आहे. घरी या विश्वासाचा त्रास मला होतो. फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा कुणी उघडला हे ती चमच्याकडे बघून सांगते.

लायब्ररीत येऊन ती आधी नुसती उभी राहिली. मग कापडाची घडी उचलून तिच्या कडा बघितल्या, टेबलाच्या कडेवरून हात फिरवला.

"दारं?" तिने विचारलं.

"मागची दोन्ही बंद. उघडली की अलार्म वाजतो, आणि तो वाजलेला नाही. पुढच्या दाराशी दोन पालक बसलेत. त्यांच्यासमोरून कुणी एवढी मोठी वस्तू नेलेली नाही."

"म्हणजे पाटी शाळेतच आहे."

"एवढी जड पाटी कुणी कशाला इकडून तिकडे हलवेल?"

"कुमार, चोर घाईत असतो ना? मग हा घडी घालत का बसला?"

मी त्या घडीकडे पुन्हा एकदा बघितलं. 

आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो तर एक चिमुरडी माझा सदरा ओढायला लागली. तिचं नाव अनया. बालवर्गातली, पुढचे दात पडलेली. "व्हेअर इज द्वारका आजी? शी प्रॉमिस्ड मी अनदर स्टोरी."

समारंभाला निम्म्या घरांतून आज्या आलेल्या होत्या. व्हिसा मिळाला की न्यूजर्सीत आज्यांना तोटा नसतो. "तिकडे हॉलमध्ये बघ, बेटा," म्हणून मी तिला वाटेला लावलं.

तेवढ्यात ऑफिसच्या दारातून अबोली बाहेर आली. अबोली या शाळेची प्रिन्सिपॉल. मुलांच्या नाका-डोळ्यांपासून छपराच्या गळतीपर्यंत सगळं तीच बघते. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या मागोमाग सिद्धेश आला. तो आमच्या बोर्डाचा अध्यक्ष, वयाने आमच्या मुलाएवढा.

"काका," सिद्धेश हळू आवाजात म्हणाला, "नकुल सही करायला तयार आहे. पण त्याची कंडिशन आहे. अबोलीने आजच राजीनामा द्यायचा."

३

कारण अगदी साधं होतं. नाव द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा एकटी अबोली विरोधात बोलली होती. "शाळेला माणसांची नावं कशाला? मुलं अंगण म्हणतात तेवढं पुरे आहे," असं तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, आणि नकुल ती मीटिंग फोनवरून ऐकत होता. पाटी गेल्यावर त्याला दुसरं कुणी सुचलंच नाही.

"मी नाही नेली हो, काकू," अबोली वसुधाला म्हणाली. "मी जेवलेसुद्धा नाही. जिममध्ये मुलांचं गाणं बसवत होते. पण शाळा राहणार असेल तर मी जाते. मला नोकरी मिळेल कुठेतरी. या मुलांना दुसरी शाळा परवडणार नाही."

हे बोलताना ती रडत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. ही मुलगी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हीटर लावते, बर्फ पडला तर पायऱ्यांवर मीठ टाकते, आणि इतकं करून स्वतःचा पगार वाढवून मागायला लाजते. मी खजिनदार आहे, मला माहीत आहे.

"समारंभ थोडा पुढे ढकल," वसुधा सिद्धेशला म्हणाली. "तोपर्यंत कुणी राजीनामा द्यायचा नाही आणि कुणी घ्यायचा नाही. आणि तू जरा इकडे ये."

तिने त्याला बालवर्गासमोरच्या बाकावर बसवलं. सिद्धेशवर माझा आधीपासून संशय होता. पिस्कॅटवे बंद करून सगळी मुलं पार्सिपनीला न्यावीत, असं तो वर्षभर सांगत होता.

"यार काका, असं बघू नका माझ्याकडे," तो म्हणाला. "हो, मला ही शाळा बंद करायची होती. नंबर्स वाईट आहेत. पण मला ते व्होट घेऊन करायचं होतं, पाट्या लपवून नाही. आणि जेवणाच्या वेळी मी प्रोजेक्टरशी झगडत होतो. स्क्रीन निळाच्या निळा. दहा जण सल्ले देत होते. कुणालाही विचारा."

विचारायची गरज नव्हती. दहांपैकी एक सल्ला माझाच होता.

मग शुभा. शुभा ही नकुलची बायको. ती स्टाफरूममध्ये मुलीशी, अनुष्काशी, फोनवर बोलत होती. ती जेवणाच्या आधीपासून तिथेच होती, असं चहा करणाऱ्या बायकांनी सांगितलं.

"खरं सांगू, वसुधाताई? मला हे देणगी प्रकरण फारसं पटलेलं नव्हतं," ती म्हणाली. "पैशाचं नाही हो. नकुलने आईंना काही विचारलंच नाही. सरप्राइज द्यायचं म्हणे. आईंनी ती पाटी आज सकाळी पहिल्यांदा पाहिली."

"मग काय म्हणाल्या?"

"आधी काहीच नाही. एकेक अक्षर बोटाने गिरवत बसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मग म्हणाल्या, छान झालीय. नकुललाही भरून आलं."

वसुधाने तिला ते हिरवं कापड परत दिलं. तिचंच होतं. शुभाने त्याचा गोळा करून पर्समध्ये कोंबला. माझ्या आईने हे बघितलं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता.

"शरयूताई कुठे आहेत?" वसुधाने विचारलं.

"बालवर्गात. सकाळपासून तिथेच रमल्यात. गर्दीत बसवत नाही म्हणाल्या."

४

शरयूआजी बालवर्गाच्या खिडकीशी बसल्या होत्या. चौऱ्याऐंशीच्या, अंगाने काडी, पण पाठ ताठ. त्यांचा वॉकर चार चाकांचा, मध्ये बसायला सीट असलेला. बुटक्या खुर्च्यांवर बसून उठवत नाही म्हणून त्या त्याच सीटवर बसल्या होत्या आणि मांडीवर शाल होती. समोर भिंतीला मुलांची चित्रं, एका कोपऱ्यात दुपारी झोपायच्या निळ्या गाद्यांची चळत.

"पाटी सापडली का?" त्यांनीच विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "चोर कोण ते कळेना."

"चोर कशाला म्हणता? कुणी नेऊन ठेवली असेल कुठेतरी."

वसुधाने एक छोटी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. मला वाटलं, आता ती कोण आलं, कोण गेलं ते विचारणार. तिने विचारलं, "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात, ताई?"

आजींचा चेहरा एकदम उजळला. "सातवी. सिन्नरला. म्हणजे सातवीची परीक्षा राहिली द्यायची. गणितात पहिली होते हो मी. तेव्हा सातवीची परीक्षा पास झालं की मास्तरीण होता यायचं. पण त्याआधी लग्न ठरलं. नाशिकचं स्थळ, सरकारी नोकरी, कोण सोडणार?"

"मग पुढे शाळा नाही?"

"कुठली? सासरी गेले, मग मुलं झाली. नकुल शिकला तेव्हा त्याच्या पाढ्यांबरोबर माझे झाले तेवढेच." त्या हसल्या. "इथल्या या छोट्या मुलांना सकाळी गोष्ट सांगितली मी. मराठीत. निम्मी त्यांना कळली नसेल, पण बसली बिचारी मांडी घालून. मला फार बरं वाटलं."

"मुलांनी काय काय विचारलं?"

आजींनी शाल सारखी केली. "काही नाही. मुलं काय, काहीही विचारतात."

वसुधाने मान हलवली आणि आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये ती थांबली आणि मला म्हणाली, "अबोलीला विचार, अनयाच्या आज्यांची नावं काय आहेत आणि त्या आज इथे आल्यात का."

मी विचारून आलो. अनयाच्या दोन्ही आज्या पुण्यात होत्या. एकीचं नाव सुमित्रा, दुसरीचं मंदाकिनी. आणि अबोलीने पाहुण्यांना नावाचे बिल्ले स्वतः वाटले होते. द्वारका नावाची एकही बाई त्या दिवशी शाळेत आलेली नव्हती.

"मग मला कळलंय," वसुधा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मात्र नव्हता.

५

तिने मला परत लायब्ररीत नेलं आणि दार लोटलं.

"हे बघ. पाटी कुणी पळवली असेल? ज्याला ही देणगी नको आहे त्याने. सिद्धेशला नको होती, शुभाला फारशी नको होती. पण देणगी मोडायची असेल तर माणूस बोर्डात बोलतो, नवऱ्याशी भांडतो. पाटी लपवून काय होतं? फार तर दुसरी घडवतील. बरं, अबोलीने लपवली म्हणावं, तर तिचीच शाळा बुडते. देणगीचा विचार केला की कुणीच बसत नाही."

"मग?"

"देणगी सोड. नुसत्या पाटीचा विचार कर. त्या पाटीवर काय होतं? एक नाव. बाकी काही नाही. म्हणजे कुणाला तरी ते नावच नको होतं."

मी म्हणालो, ते सगळं ठीक, पण पाटी उचलून नेणारा माणूस दणकट हवा. माझी कमर साक्षीला होती.

"उचललीच नाही," ती म्हणाली. "उचलणारा दणकट माणूस कापडासकट काखेत मारून गेला असता. हिने नारळ बाजूला ठेवला, कापड काढलं, पाटी सरकवली, मग कापडाची घडी घालून नारळ परत वर ठेवला. नारळ कुठेतरी टाकून जाववलं नाही तिला. ते टेबल बघ किती बुटकं आहे. वॉकरची सीट कितीशी उंच असते?"

मला एकदम खाली बसावंसं वाटलं, पण तिथे बसण्याजोगं माझ्या मापाचं काही नव्हतं. मोठ्या माणसांच्या कुठल्याही ऑफिसात हे जमलं नसतं. तिथली टेबलं उंच असतात. इथे टेबलावरून पाटी नुसती ढकलली की सीटवर. वर शाल. सावकाश चालत कॉरिडॉरमधून बालवर्गात. एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीच्या वॉकरवरची शाल कोण उचलून बघतो? तिथे गाद्यांची चळतही तेवढीच बुटकी. वरच्या दोन गाद्या उचलायच्या, पाटी सरकवायची, गाद्या वर टाकायच्या.

"पण ती तिच्याच नावाची पाटी आहे, वसुधा."

"तेच तर. तिचं नाव आहे का ते?"

मग मला ते दात पडलेलं पोर आठवलं. सकाळी मुलांनी आजींना नाव विचारलं असणार. इथल्या मुलांना ती सवयच आहे, कुणीही भेटलं की आधी नाव. आणि कितीतरी वर्षांनी एखाद्या शाळेच्या वर्गात कुणी नाव विचारल्यावर आजींच्या तोंडून जे निघालं ते शरयू नव्हतं. लग्नात आमच्याकडे मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या दोन काकू आहेत, त्यांची माहेरची नावं मला आजही आठवायला लागतात.

"आता नकुलला काय सांगायचं?" मी विचारलं. "आईनेच चोरली म्हणून?"

"आपण काहीच सांगायचं नाही," वसुधा म्हणाली. "चल, चहा घेऊन जाऊ या."

दोन कप घेऊन आम्ही बालवर्गाच्या दाराशी आलो. आजी पाठमोऱ्या बसल्या होत्या, खिडकीबाहेर बघत. वसुधा दारातूनच, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "द्वारकाताई, चहा घेणार ना?"

"हो, घेईन की," आजी म्हणाल्या. आणि मग त्यांनी सावकाश मान वळवली.

६

 आजी म्हणाल्या, "सासरी हे नाव कुणी घेतलं नाही हो आजवर. एकदाही नाही."

वसुधाने कप त्यांच्या हातात दिला. 

"सिन्नरच्या शाळेत मी द्वारका होते," आजी सांगू लागल्या. "बाई हजेरी घ्यायच्या, मी हजर म्हणायचे. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिलं. मी समोर बसलेली, मला ते उलटं दिसत होतं. वाचायला वेळ लागला. बायकांना वाटलं, नवरी लाजतेय. मी वाचत होते."

वसुधा छोटी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"वाईट काही झालं नाही. शरयू चांगलंच नाव आहे. सासरी सगळ्यांनी मायेने हाक मारली, आणि हेही माणूस म्हणून सोन्यासारखे होते. पण शरयू कधी शाळेत गेली नाही. तिने घर केलं, मुलं वाढवली, अमेरिकेत आली. शाळेत गेली ती द्वारका. शाळेवर नाव लावायचंच तर शाळेत गेलेलीचं लावावं, एवढंच मनात आलं माझ्या. पण नकुलने इतक्या हौसेने करून आणली पाटी. त्याला कशी सांगू? मला थोडा वेळ हवा होता विचार करायला, म्हणून सरकवली. मग तुम्ही सगळे शोधायला लागलात आणि माझी जीभच उचलेना."

"ताई," वसुधा हळूच म्हणाली, "नकुलला वाटतंय पाटी अबोलीने लपवली. तो तिला शाळेतून काढायला सांगतोय."

आजींनी कप खाली ठेवला. "त्या पोरीला? ती सकाळी मागाहून येऊन माझ्या पायांशी बसून गोष्ट ऐकत होती. बोलवा नकुलला. आत्ताच्या आत्ता. आणि तिलाही बोलवा, तिच्यासमोरच सांगते."

मी दोघांना घेऊन आलो. शुभा आणि सिद्धेश मागून आले. आजींनी काहीच लपवलं नाही. मी गाद्या उचलून पाटी दाखवली. नकुल आधी पाटीकडे बघत राहिला, मग आईकडे, आणि मग जवळच्या बालवर्गाच्या खुर्चीवर धपकन बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले.

"आई, मला तुझं नाव माहीत नाही," तो म्हणाला. "तुझा पासपोर्ट मी काढला, तुझे फॉर्म मी भरले, आणि मला तुझं नाव माहीत नाही. तू कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आईला कुणी नाव विचारतं का रे?" आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही त्यात. तुझ्या बापानेही लग्नाआधीचं नाव विसरून टाकलं होतं. मीच एकटी आठवणीत ठेवून होते."

नकुल रडला. मीही रडलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आपल्या आईला आपण जन्मभर आईच म्हणतो, आणि त्या हाकेखाली एक गणितात पहिली आलेली मुलगी बसलेली असते, हे मला या वयात कळत होतं.

मग नकुल उठून अबोलीपुढे उभा राहिला. "मी चुकलो," म्हणाला. "माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत, पण मागतो."

"असू दे," अबोली म्हणाली. तिचा आवाज आता कुठे कापायला लागला होता. "मी म्हणाले होते ना, शाळेला माणसाचं नाव नको म्हणून. पण द्वारका या नावाला माझी हरकत नाही."

सिद्धेशने कागद पुढे केले. नकुलने ते बालवर्गातल्याच एका बुटक्या टेबलावर ठेवले, आणि वाकून एकेका पानावर सही केली. पिस्कॅटवेची शाळा आमची झाली. शुभाने पर्समधलं कापड काढून डोळे पुसले.

"नवीन पाटी करायला देतो," नकुल म्हणाला. "आई, तुझ्या वडिलांचं नाव सांग. शंकर का कायसं होतं ना आजोबांचं? द्वारका शंकर? की बाबांचंच लावू पुढे? द्वारका पुरुषोत्तम?"

आजींनी थोडा विचार केला.

"नुसतं द्वारका," त्या म्हणाल्या. "पुढे कुणी नको, मागे कुणी नको."

"नुसतं द्वारका कसं, आई? लोक विचारतील, ही द्वारका कोण?"

"विचारू देत की. मी आहे ना सांगायला."

असं म्हणून त्या उठल्या आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे होऊन हॉलकडे चालू लागल्या.